शाळेतील दुपारचे ताट आणि त्याची तेरीज

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेरीज पत्रक शिकावे लागते. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की आपल्याला हायसे वाटते. पण लगेच पुढच्या पाठात सर सांगतात, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब निर्दोष झाला असे मुळीच नाही. जो व्यवहार वहीत लिहिलाच गेला नाही, त्याचा पत्ता तेरजेला लागत नाही. एका बाजूची चूक दुसऱ्या चुकीने भरून निघाली, तरी तेरीज मुकाट्याने जुळते.

हाच धडा आपल्या शाळांतून रोज दुपारी वाढल्या जाणाऱ्या ताटाला लावून पाहावा, असे मला वाटले. आपल्यापैकी पुष्कळजण या ताटावर वाढलेले आहेत. मीही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत सातवीपर्यंत हेच जेवण जेवले. या ताटाला कायद्याने ठरवून दिलेली मानके आहेत. ती कोणती, त्यांचा हिशेब कसा मांडतात, आणि तो कागदावर जुळूनही मुलाच्या पोटात काय कमी पडू शकते, हे या लेखात पाहू या.

दानापासून हक्कापर्यंत

शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. मद्रास शहराच्या नगरपालिकेने शंभर वर्षांपूर्वीच गरीब मुलांसाठी असा उपक्रम सुरू केला होता. पुढे के. कामराज मुख्यमंत्री असताना १९५०च्या दशकात तो त्या राज्यभर पसरला. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठे स्वरूप दिले. केंद्र सरकारची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. पण बहुतेक राज्यांत तिचा अर्थ, महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी न्यायचे, एवढाच राहिला. ते धान्य घरातल्या सगळ्यांच्या हंडीत जाई. शाळेतल्या मुलाच्या वाट्याला त्यातले किती येई, हे सांगणे अवघड.

खरा बदल २८ नोव्हेंबर २००१ रोजी झाला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले जेवण द्यावे आणि त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत. 'जेवण' या शब्दाला न्यायालयाने अशी वजनमापे जोडली. २००६ साली प्राथमिक वर्गांसाठी हे माप ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने ठरली. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हेच आकडे परिशिष्टात घातले. त्यामुळे आता ते कायद्याने बांधलेले देणे झाले आहे. २०२१ साली या योजनेला 'पीएम पोषण' असे नाव मिळाले.

कर्नाटकात ही योजना जून २००२ मध्ये ईशान्येकडील सात जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी सगळीकडे आली. तिचे नाव 'अक्षर दासोह'. दासोह हा शब्द शरणांच्या परंपरेतला आहे. आपल्या मिळकतीतला वाटा नम्रपणे समाजाला अर्पण करणे, असा त्याचा भाव. आपल्याकडे मुले मात्र सरळ 'बिसीऊट' म्हणतात. बिसी म्हणजे गरम आणि ऊट म्हणजे जेवण. नाव कोणतेही असो, आज मुलाला हे जेवण कोणाच्या दयेने मिळत नाही. २०१५च्या नियमांनुसार एखाद्या दिवशी जेवण दिले गेले नाही, तर त्याबद्दल धान्य व पैशाच्या रूपाने अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण झाले नाही, तर राज्याने जबाबदारी निश्चित करावी लागते. देणे थकले तर धनको जसा विचारतो, तसे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे.

ताटाचे मोजमाप

आता प्रत्यक्ष मोजमाप पाहू. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी रोजचा कच्चा शिधा आणि त्यातून मिळणारे पोषण सरकारी तक्त्यात असे दिले आहे :

तांदूळ किंवा गहू १०० ग्रॅम : ३४० उष्मांक, ८ ग्रॅम प्रथिने.
डाळ २० ग्रॅम : ७० उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने.
भाजी ५० ग्रॅम : २५ उष्मांक.
तेल ५ ग्रॅम : ४५ उष्मांक.
एकूण : ४८० उष्मांक, १३ ग्रॅम प्रथिने.

कायद्याला हवेत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ३० उष्मांक आणि एक ग्रॅम प्रथिने एवढीच शिल्लक. सहावी ते आठवीसाठी धान्य १५०, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम, असे दीडपट माप आहे.

आता या तक्त्यातली एकेक रक्कम कमी करून पाहू या. समजा, डाळ महागली आणि २०ऐवजी १० ग्रॅमच घातली. उष्मांक ४८०वरून ४४५ होतील. मानकापेक्षा अवघे पाच कमी. भाताची मूद तेवढीच दिसेल, मुलाचे पोटही भरेल. प्रथिने मात्र १३वरून साडेदहावर येतील. आमटी थोडी पातळ झाली, एवढेच फार तर कोणी म्हणेल. वाढत्या वयात स्नायू आणि शरीर घडवणारा घटकच कमी झाला, हे ताटाकडे पाहून कळत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. समजा, भाजी अजिबात घातली नाही. ४८०मधून २५ वजा केले तर ४५५ उरतात. प्रथिनांचा आकडा हलतच नाही. म्हणजे भाजीशिवायचे ताट उष्मांक आणि प्रथिने या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण! पण पालेभाजीतले लोह, गाजर-भोपळ्यातला अ जीवनसत्त्वाचा अंश, टोमॅटो-कोबीतले क जीवनसत्त्व यांची नोंद या दोन रकान्यांत कुठेच नाही. वहीत न लिहिलेल्या व्यवहारासारखेच हे आहे. तेरीज जुळते आणि मूल फिकट राहते. म्हणून ५० ग्रॅम भाजी हे स्वतंत्र माप आहे आणि ते स्वतंत्रच तपासले पाहिजे.

ही उणीव ओळखून काही भर घालण्यात आली आहे. कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेत मुलांना १५० मिलिलिटर दूध मिळू लागले. त्यासाठी दर मुलामागे १८ ग्रॅम दूध भुकटी धरलेली असते. पुढे अंडी आली. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्यात येते; पूर्वी चिक्कीही मिळे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे तक्त्यातल्या डाळीपेक्षाही एक ग्रॅम जास्त. तांदळातही लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळण्यात येऊ लागले. हे दाणे तांदळाच्याच पिठापासून केलेले असतात. ते थोडे वेगळे दिसतात आणि काही वेळा पाण्यावर तरंगतात, म्हणून 'प्लॅस्टिकचा तांदूळ आला' अशी हाकाटी गावोगाव झाली. निवडताना असे दाणे काढून टाकले, तर पोषणच केरात जाते. मानक नुसते ठरवून भागत नाही, ते तांदूळ निवडणाऱ्या बाईला समजावूनही सांगावे लागते, हे यावरून दिसते.

सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे

धान्य केंद्र सरकार पुरवते. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन यांसाठी दर मुलामागे रोजची रक्कम ठरलेली असते. १ मे २०२५ पासून ती प्राथमिक वर्गांसाठी रु. ६.७८ आणि सहावी ते आठवीसाठी रु. १०.१७ अशी ठरविण्यात आली. बहुतेक राज्यांत तिचे ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य देते. काही राज्ये आपल्याकडून जादा भर घालतात, तर कुठे डाळ-तेल वस्तुरूपानेच पुरवले जाते.

हिशेबासाठी काही भाव गृहीत धरू. डाळ किलोला १२० रुपये धरली, तर २० ग्रॅमला २ रुपये ४० पैसे. भाजी ४० रुपये किलो, तर ५० ग्रॅमला २ रुपये. तेल १५० रुपये किलो, तर ५ ग्रॅमला ७५ पैसे. बेरीज ५ रुपये १५ पैसे. मीठ, मिरची, हळद आणि गॅससाठी १ रुपया ६३ पैसे उरतात. ओढाताण आहे, पण जमते. आता डाळ १६० आणि भाजी ६० रुपये झाली, असे समजा. डाळीचे ३ रुपये २० पैसे, भाजीचे ३ रुपये आणि तेलाचे ७५ पैसे मिळून ६ रुपये ९५ पैसे होतात. शेगडी पेटण्याआधीच रक्कम संपली!

बाजाराचे भाव आठवड्याला बदलतात आणि सरकारी दर वर्षा-दीड वर्षाने. मधल्या काळात फरक कोण सोसतो? कुठे मुख्याध्यापक किराणा दुकानदाराकडे उधारी ठेवतात, कुठे गावातले एखादे शेतकरी कुटुंब भाजी देते. आणि जिथे असे कोणी नसते, तिथे आमटी पातळ होते. ताटाचे वजन कमी होत नाही, कारण तांदूळ फुकट आहे. महागाईचा भार शेवटी डाळ आणि भाजीवर, म्हणजे मुलाच्या प्रथिनांवर आणि जीवनसत्त्वांवर पडतो.

हजेरीचा रकाना

या योजनेतला सगळा खर्च हजेरीवर चालतो. म्हणून हजेरीचा आकडा ही मूळ नोंद समजली पाहिजे. समजा, एका शाळेच्या पटावर १२० मुले आहेत आणि एके दिवशी १००च आली. शिजवायचे १०० मुलांचे, म्हणजे तांदूळ १० किलो, डाळ २ किलो, भाजी ५ किलो आणि तेल अर्धा किलो. वहीत मात्र १२० लिहिले, तर दिवसाला दोन किलो तांदूळ आणि रु. १३५.६० कागदावर खर्ची पडतात. २०० दिवसांत हेच ४ क्विंटल तांदूळ आणि २७,१२० रुपये होतात. एवढी मोठी गळती वीस मुलांच्या लहानशा फरकातून होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १२० मुले आली आणि शिधा १००चाच काढला, तर प्रत्येकाच्या ताटातून सहावा हिस्सा जातो. म्हणून शिधा कोठीतून काढताना तो वजनकाट्यावर तोलणे, त्या दिवशीची हजेरी मांडणे आणि शिल्लक लिहिणे, या तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच वहीत व्हायला हव्यात. 'चार डबे तांदूळ आणि दोन वाट्या डाळ' अशा अंदाजाने घरचा स्वयंपाक होतो, शंभर मुलांचा होऊ नये. आपण वार्षिक परीक्षेसाठी साठा नोंदवही शिकतो. तिचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

वहीत न मावणारी जोखीम

आतापर्यंत पोषणाचा विचार झाला. पण अन्न पुरेसे असणे आणि अन्न निर्धोक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत अन्नात आणि तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. या प्रकरणी २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरविले. उष्मांक मोजले असते, तर त्या दिवशीचे जेवण मानकात बसलेही असते. त्याआधी बरोबर नऊ वर्षांपूर्वी, १६ जुलै २००४ रोजी, तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग गवताच्या छपरावर चढली आणि ९४ मुलांचा बळी गेला. या दोन घटनांनी पुढच्या नियमांना धार आली. स्वयंपाकघर वर्गखोल्यांपासून वेगळे असावे, आग विझविण्याची सोय असावी, कीटकनाशक किंवा फिनेलसारखे काहीही कोठीत ठेवू नये, आणि अशा वस्तूंचे रिकामे डबे अन्नासाठी कधीही वापरू नयेत.

काही धोके अशा बातम्यांतून येत नाहीत, ते रोज आपल्या भोवती असतात. शिजवलेल्या भाताचेच पाहा. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. 'उकळून घेतले की झाले' ही आपली समजूत इथे उपयोगी पडत नाही. उपाय साधा आहे. जेवणाच्या वेळेच्या बेतानेच शिजवावे, वाढेपर्यंत अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावे, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. 'बिसीऊट' या नावातला 'बिसी' शब्द म्हणजे सुरक्षिततेचा नियमच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

याशिवाय डाळ-तांदूळ जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवणे, जुना माल आधी आणि नवा नंतर वापरणे, बुरशी आलेले धान्य परत करणे, आयोडीनयुक्त मीठ आणि ॲगमार्क दर्जाचा बंद पुड्यातला माल घेणे, भाजी चिरण्यापूर्वी धुणे, जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवून घेणे, हे सगळे नियम आहेत. यांतले बहुतेक नियम बिनखर्ची आहेत. त्यांना लागते ती रोजची सवय.

चव घेणारे आणि शिजवणाऱ्या

नियमांनुसार मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून नोंदवहीत सही करायची असते. सही न चाखता झाली, तर ती सही खोट्या पावतीच्या तोडीची. चाखणारा माणूस मुलांचा लेखापरीक्षक आहे. एवढेच, की व्यापारातला लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येतो आणि याला मात्र पंगत बसण्यापूर्वी यावे लागते.

स्वयंपाकाच्या मावशींचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. २५ मुलांपर्यंत एक, १०० मुलांपर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरांमागे एक, असे त्यांचे प्रमाण आहे. केंद्राने २००९ साली त्यांचे मानधन महिना एक हजार रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, असे ठरविले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शंभर मुलांचे पातेले उतरविणाऱ्या बाईकडून आपण स्वच्छता, वेळ, माप आणि चव या सगळ्यांची अपेक्षा करतो. तिची आरोग्य तपासणी वेळेवर झाली का, तिला हातमोजे नसले तरी निदान साबण आणि पुरेसे पाणी मिळते का, हे विचारणारे थोडे. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४च्या आदेशात या कामासाठी दलित, अनुसूचित जाती व जमातीच्या स्त्रियांना प्राधान्य देण्यास सांगितले. त्यांच्या हातचे जेवण नको म्हणून पालकांनी मुलांना घरी नेल्याच्या बातम्या त्यानंतरही देशात ठिकठिकाणांहून आल्या. एका पंगतीला बसून जेवणे हाही या ताटातला एक पोषक घटक आहे, आणि त्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही.

आपले काम

मित्रहो, हे वाचून 'आपण विद्यार्थी काय करणार?' असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते आपल्या भागातल्या दुभाषी विद्यार्थ्यांना एक काम अगदी हातचे आहे. किती धान्य आले, किती वापरले, किती मुले जेवली आणि आज काय शिजले, ही माहिती शाळेने सर्वांना दिसेल अशी लावावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्याकडे सरकारी पत्रके बहुधा कन्नडमध्ये असतात आणि मराठी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांच्या आया मराठी वाचतात. पलीकडे जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड शाळांत नेमके उलटे चित्र असणार. तिथली पत्रके मराठी आणि आया कन्नड वाचणाऱ्या. आईला वाचताच येत नाही अशा भाषेतले मानक तिच्या काय उपयोगाचे? शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे सांगितले. त्या पालकांच्या हाती मापाचा तक्ताच नसेल, तर ते सही तरी कशाच्या आधारावर करतील?

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण एकेका शाळेत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक साधा फलक रंगवून द्यावा. त्यावर चारच ओळी असाव्यात. दर मुलाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. खाली आजची हजेरी आणि आजचे वजन लिहायला खडूची जागा ठेवावी. सहावी ते आठवीचे माप त्याच्या शेजारी लिहावे. पाचवीतला मुलगाही गुणाकार करून सांगू शकेल, की आज शंभर मुलांना डाळ दोन किलो हवी. ज्या दिवशी असा प्रश्न पंगतीतूनच येईल, त्या दिवशी डाळ कमी घालणे सोपे राहणार नाही.

थोडक्यात, उष्मांक आणि प्रथिने हे दोन आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते शेवटच्या बेरजेत येतात. ती बेरीज खरी आहे की नाही, हे कोठीतला वजनकाटा, हजेरीचा रकाना, चाखणाऱ्याचा घास आणि शिजवणारीचे धुतलेले हात ठरवितात. ताळेबंद वाचायला आपण पदवीपर्यंत शिकतो. गावातल्या शाळेचे ताट वाचायला तेवढे शिक्षण लागत नाही. एकदा दुपारी जाऊन, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, काट्याजवळ उभे राहिले म्हणजे पुरे.